सावडीचं विमान

बेलापूर,
रविवार, ९ जानेवारी १९४९

ती. आप्पामामांस साळूचा नमस्कार.

कार्तिकात तुम्हांला पाठवलेल्या टिपणात माझी एक चूक झाली आहे. ती आधी सांगते. मी लिहिलं होतं की कानिफदादा सह्याद्री एअरवेजमध्ये होता त्या अडीच वर्षांत कंपनीकडे सहा डाकोटा विमानं झाली. सहा नव्हेत, पाच.

सहा हा आकडा मी तुमच्या यादीतून उचलला. तुम्ही कंपनीचे हेडक्लार्क, तुमच्यापुढे मी काय मोजणार, असं वाटलं. पण कंपनीच्या इतिहासाच्या पुस्तिकेसाठी दादाच्या पत्रांवरून लिही, असं तुम्ही सांगितलं होतं, आणि त्याच्या पत्रांत पाचच विमानं आहेत. दारात नवं जनावर आलं की आबा गावभर सांगतात, तशी दादा प्रत्येक विमानाची खबर द्यायचा. पहिली तीन शेहेचाळीसची, लढाईतून उरलेली. त्यांचा लष्करी हिरवा रंग त्यानं आणि शेडमधल्या दुसऱ्या फिटरनं, फक्रुद्दीनभाईंनी, महिनाभर खरडला. चौथं सत्तेचाळीसच्या आषाढात. त्यातल्या खुर्च्या काढून पंजाबातली निर्वासित माणसं आणली, आणि विमान धुताना दादाला फळीच्या फटीत तान्ह्या बाळाचा वाळा सापडला. पाचवं गेल्या दसऱ्याला उभं राहिलं. दसऱ्यानंतरच्या मंगळवारी त्याच्याच चाचणीत डावा पंख तुटला आणि दादा गेला. कंपनीची अगदी सुरुवातीची दोन लहान विमानं, जी नुसतं टपाल न्यायची आणि पावसाळाभर झाकून ठेवलेली असायची, ती मी धरलेली नाहीत. त्यांच्याबद्दल दादानं फक्त ऐकून लिहिलं होतं.

दुसरं. दादाची पेटी मिळाल्याचं मागे कळवलं होतं. तीत माझी कार्डं अठरा निघाली. मी एकोणीस पाठवली होती, तारखा माझ्याकडे आहेत. मोजणीत कमी भरलं म्हणून कळवते, एवढंच. पेटीत त्याचा खाकी शर्ट होता आणि शर्टात गुंडाळलेल्या पत्र्याच्या दोन लहान पट्ट्या, वर आकडे ठोकलेले. कशाच्या ते कळलं नाही. आईनं त्या देवाजवळ ठेवल्या आहेत.

आई म्हणते, मावसभाऊ असून आप्पानं सख्ख्यासारखं केलं, पोराला नगरच्या लष्करी कारखान्यातून उचलून विमानापाशी नेलं. हे ती पूर्वी कौतुकानं म्हणायची. आता नुसतं म्हणते. मंगळवारचं नागपूरचं विमान अजून गावावरून जातं. आवाज आला की ती हातातलं टाकून अंगणात जाते. आम्ही अडवत नाही.

आकडा तेवढा बदलावा.

तुमची भाची
साळू

*

मुंबई,
१८ जानेवारी १९४९

चि. साळूस आप्पामामाचे अनेक आशीर्वाद. सोबत तिळगूळ आहे. कडूताईला दे, खाणार नाही तरी दे.

तुझी दुरुस्ती वाचून हसू आले आणि कौतुकही वाटले. बाळ, सहा म्हणजे सहाच. पाचवे व सहावे ही दोन्ही आसामातल्या लष्करी तळावर घेतली आणि मालगाडीने आणली. दोन्हींचे कागद माझ्या कपाटात आहेत. पडले ते सहावे. पाचवे दुरुस्तीस उभे आहे. कानिफ शेडच्या एका कोपऱ्यात काम करी, साऱ्या ताफ्याची खबर त्याला कोठून असणार?

आणि आकड्याला महत्त्व आहे. सरकार आपल्या कंपनीत भाग घेण्याचे ठरवीत आहे. मग सह्याद्री ही चार शेटजींची न राहता साऱ्या देशाची विमानकंपनी होईल. अट एकच, ताफा निदान आठांचा हवा. हाती पाच आहेत, आणखी तीन येत आहेत. पुस्तिकेचे नावही मी तेच ठेवले: ‘दोनाचे आठ’. पाडव्याला निघेल. ‘ताफ्याची वाढ’ या प्रकरणात कानिफचे छायाचित्र येईल आणि त्याखाली तुझे हे वाक्य:

‘नवे विमान सावडीचे होते (सावड म्हणजे एकमेकांची कामे एकमेकांनी करणे), आणि त्यावर अखेरची सही करण्याचा मान दादाला मिळाला.’

फार सुरेख लिहिलेस. चौकशी समितीच्या साहेबांनाही मी हा उतारा दाखवला. त्यांनी त्याचे इंग्रजी करून घेतले, उपयोगी पडेल म्हणाले. कानिफची मूळ पत्रे मात्र रजिस्टर टपालाने पाठवून दे, छापखान्यात त्यांचे ठसे करायचे आहेत.

पुण्याच्या शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजात तुझ्याविषयी बोललो आहे. शाळेत पाऊल न टाकता घरच्या घरी फायनलची परीक्षा पास झालेली मुलगी म्हणताच बाई चकित झाल्या. जूनमध्ये जागा मिळेल असे धरून चाल.

आप्पासाहेब

*

बेलापूर,
रविवार, २३ जानेवारी १९४९

ती. आप्पामामांस नमस्कार.

तिळगूळ पोचला. आईला दिला, तिनं खाल्ला नाही. पुण्याची खबर वाचून मी दोन दिवस आनंदात होते. मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं.

माझ्या वाक्याचा चौकशीत काय उपयोग? ते पुस्तिकेसाठी लिहिलं होतं. दादाच्या पत्रात इतकंच आहे: ‘नवं विमान सावडीचं आहे. सही माझी मागतात.’ कंसातला अर्थ मी घातला. घरी कणगीच्या पाठीवर खडूनं शिकवताना त्यानंच सवय लावली होती, वाचणाऱ्याला शब्द कळणार नसेल तर शेजारी अर्थ लिही. मुंबईच्या लोकांना सावड कळणार नाही म्हणून लिहिला. ‘मान’ हा शब्द तर सगळा माझा. दादानं तो लिहिला नव्हता. आमच्या घरात आजोबा, आबा, सगळे अंगठेवाले. दादा पहिला सही करणारा. त्या आनंदात मी तो घातला. कृपा करून काढावा.

दुसरं, मला कळत नाही म्हणून विचारते. सहांतलं एक पडलं, पाच राहिली. त्यांतली चार उडताना दादानं पाहिली. पाचवं दुरुस्तीला उभं आहे म्हणता, तर ते कुठं उभं आहे? दादा रोज शेडमध्ये होता. शेडमधल्या मांजरीला पिलं झाली तेही त्यानं लिहिलं. अख्खं विमान कसं लिहिलं नाही?

पत्रं रुमालात बांधून ठेवली आहेत. पोस्टापर्यंत नेली होती, परत आणली. तुमचं उत्तर आलं की टाकीन.

साळू

*

मुंबई,
७ फेब्रुवारी १९४९

चि. साळूस आशीर्वाद.

उत्तरास उशीर झाला. तुला हे तोंडी सांगणार होतो, पण तू प्रश्न विचारतेस तेव्हा उत्तर लिहिणे भाग आहे.

समितीचा मसुदा तयार झाला आहे. त्यात म्हटले आहे की अपघात फिटरांच्या हयगयीने झाला. फिटर आपापली कामे परस्परांवर सोपवीत, आणि ही प्रथा मृत फिटरच्या घरून आलेल्या लेखी टिपणावरूनच दिसून येते. स्वतः न केलेल्या व न पाहिलेल्या कामाखाली कानिफनाथ भिमाजी गागरे याने सही केली, सबब मुख्य दोष त्याचा.

मनाला लावून घेऊ नकोस. हे इंग्रजी कागद कपाटात जातात आणि तिथेच राहतात. मेलेल्या माणसाची नोकरी जात नाही. जिवंतांची जाते, त्या शेडमध्ये चाळीस माणसे आहेत. पुस्तिकेत त्याचे नाव सन्मानानेच येईल.

समिती अखेरची गुरुवार २४ मार्च रोजी सकाळी अकरा वाजता कंपनीच्या कचेरीत बसेल. नातलगांस काही सांगायचे असल्यास मुभा आहे. ती आपली रीत म्हणून, कोणी येत नसते.

पत्रे अद्याप आली नाहीत.

आप्पासाहेब

*

बेलापूर,
रविवार, १३ फेब्रुवारी १९४९

ती. आप्पामामांस नमस्कार.

माझ्या टिपणातली दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी आहे. सावड या शब्दाचा अर्थ मी चुकीचा लिहिला.

तुमचं पत्र मी आबांना वाचून दाखवलं. ते ओसरीवर कासरा वळत बसले होते. हात थांबले नाहीत. मग म्हणाले, “कानिफचं वाच. त्यानं काय लिवलंय ते. तुजं नगं.”

मी वाचलं. नवं विमान सावडीचं आहे. सही माझी मागतात.

“पुन्हा वाच.”

मी पुन्हा वाचलं.

“आन् तू काय लिवलंस आप्पाला? सावड म्हंजी?”

“एकमेकांची कामं एकमेकांनी करणं. आज आपल्या रानात, उद्या रंगुबाईच्या रानात. मी आईबरोबर निंदायला जाते की, आबा. मला ठाऊक आहे.”

“ती बायांची सावड. खुरप्याची.” आबांनी कासरा खाली ठेवला. “कानिफ मुंबईला खुरपायला गेल्ता व्हय?”

“नाही,” मी म्हटलं.

“आपला हरण्या मेला त्या साली आपल्यात पवळ्या एकला ऱ्हायला. आसारामचा बी एकच ऱ्हायला हुता. मग काय केलं? त्याचा एक, आपला एक, आन् जू एकच. ती सावड. गड्यांची सावड बैलांची आस्ती. कानिफ त्या औताम्होरं चालायचा. त्याला ठावं हुतं. दोन घरचे बैल दिसाया जोडी दिसत्यात, पर चाल एक न्हाई. तास वाकडं जातं. नांगराचं तास वाकडं गेलं तर पुन्हा धरता येतं.”

मग त्यांनी देवाजवळच्या पट्ट्या मागितल्या. आकडे त्यांना वाचता येत नाहीत, बोटानं चाचपत राहिले. “दोन्ही येगळं हायेत ना?” म्हणाले. मी हो म्हटलं. “ह्यो डाग एका गोठ्याचा, ह्यो दुसऱ्या. दोन मोडक्या विमानांचं एक केलं त्यांनी, पोरी. आन् तू लिवलंस की खुरपत हुते.”

आई चुलीपुढे होती. तिनं वळून विचारलं, “म्हंजी कानिफची चूक न्हाई?” आबांनी पट्ट्या माझ्या हातात दिल्या. मग आपल्याशीच म्हणाले, “त्यांनी सावड केली, आन् मी मुंबईला गेलो सावडायला.” ते पोचले तो तिसरा दिवस होता. दादाची राख तेवढी हाती आली होती, ते तुम्हांला माहीत आहे. तुम्हीच शेजारी उभे होता.

मामा, माझी एवढीच विनंती आहे. समितीला लिहा की कंसातला अर्थ चुकीचा आहे आणि तो दादाचा नाही, माझा आहे. बाईमाणसाला बैलांची सावड ठाऊक नव्हती. आणि पाचवं विमान कुठं उभं आहे हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही. आता सांगू नका. कळलं.

पत्रं मी पाठवत नाही.

साळू

*

नागपूर,
२६ फेब्रुवारी १९४९

साळूताईस फक्रुद्दीनचा सलाम.

तुमचं कार्ड मुंबईहून फिरून हितं आलं. मला दिवाळीनंतर नागपूरच्या तळावर बदललं. मराठी लिव्हणं माझं कच्चं हाय, समजून घ्या. नगरच्या कारखान्यात मी आन् कानिफ एकाच बाकड्यावर शिकलो, तवा तुमच्याशी खोटं बोलनार न्हाई.

आसामातून दोन विमानं मालगाडीच्या वाघिणींत घालून आली. एकाचं धड आन् उजवा पंख चांगला, दुसऱ्याचा डावा पंख तेवढा चांगला. वरून सांगन्यात आलं, दोनाचं एक करा, यादीत दोन ऱ्हाऊ द्या. पंख बसवताना बोल्टाची भोकं जुळंनात. घासून घासून जुळवली. कानिफ म्हनला, आमच्या गावाकडं याला सावड म्हनत्यात. तवापासून सगळी शेड त्याला सावडच म्हनायची. आमचा पंजाबी मिस्त्रीसुद्धा, “ओय कानिफ, तेरी सावड का क्या हाल है?” लई हसायचो.

सही करायची वेळ आली तवा हसनं बंद झालं. कानिफ अकरा दिवस सही करीना. हेडक्लार्कसाहेब रोज शेडात यायचे, खांद्यावर हात ठेवून बोलायचे. तो म्हनायचा, मामा, भोकं सैल हायेत. मग दसऱ्याच्या आदल्या दिशी त्याला घरून कार्ड आलं. वाचून आधी हसला, मग त्यानं पुन्हा वाचलं. कार्ड खिशात ठेवलं. दुसऱ्या दिशी हत्यारांची पूजा झाली आन् त्यानं सही केली. कार्डात काय हुतं मला ठाव न्हाई, इचारलं न्हाई.

चाचनीत मी बसनार हुतो. तो म्हनला, “फकऱ्या, उतर. सही माझी हाय.” पायलटसाहेबांचा पाय गेला, कानिफ गेला. चिखलातून पट्ट्या मी काढल्या. एक धडाची, एक पंखाची. शर्टात गुंडाळून पेटीत घातल्या, कुनाला तरी कळावं म्हनून.

पर ताई, साक्षीला मी येनार न्हाई. जरीनाला सातवा महिना हाय आन् ही बदली कशासाठी झाली ते मला समजतंय. तुमी मला भित्रा म्हना. कानिफ म्हनला नसता, म्हनून जास्ती लागतं.

फक्रुद्दीन

*

मुंबई,
९ मार्च १९४९

चि. साळूस आशीर्वाद.

तू आता समितीला परभारे पत्र लिहिलेस, ते माझ्याच टेबलावर आले. सारे टपाल माझ्याकडूनच आत जाते, हे तुला ठाऊक नसावे.

मी तुझ्याशी खोटे बोलणार नाही. यादी मी केली. दोनाचे एक झाले ते मला माहीत होते, आणि यादीत दोन ठेवा असे मला सांगण्यात आले तेही खरे. मोठी कामे अशीच उभी राहतात, साळू. ज्या दिवशी ही देशाची कंपनी होईल त्या दिवशी पाचवे विमान खरोखरीच घेतले जाईल, आकडा खरा होईल, आणि कोणाला काही आठवणार नाही. अशा आशेवर मी सही मागितली. कानिफ माझा भाचा होता. चितेपाशी भिमाजीबरोबर मीही वाकलो होतो.

पण त्याने सही माझ्या सांगण्यावरून केली असे तुला वाटत असेल तर ते तसे नाही. मी अकरा दिवस सांगत होतो, त्याने केली नाही. तुझे एकोणिसावे कार्ड माझ्याकडे आहे. पेटी घरी धाडण्यापूर्वी उघडावी लागते, तेव्हा मी ते काढून ठेवले. तुझ्यासाठीच काढून ठेवले, हे देवाशपथ सांगतो. तुझे अक्षर आहे, तारीख आहे. ते समितीने वाचले तर दोष कोठे जाईल याचा विचार कर. कडूताईला ते कोण वाचून दाखवील? घरात वाचणारी तू एकटीच आहेस.

पुण्याच्या बाईंचे पत्र आले आहे, जागा पक्की. मूळ पत्रे पाठव. कार्ड मी चुलीत घालतो. आपण दोघे या गोष्टीतून मोकळे होऊ. कानिफ तर झालाच आहे.

आप्पासाहेब

*

बेलापूर,
रविवार, १३ मार्च १९४९

ती. आप्पामामांस नमस्कार.

कार्ड चुलीत घातलं असलंत तरी हरकत नाही. मला ते पाठ आहे. ८ ऑक्टोबर १९४८, शुक्रवार:

‘दादा, तुझं पत्र वाचून आम्ही गूळ वाटला. तुझी सही मागतात, आणि तू नुसतं एका ओळीत लिहितोस! आढेवेढे घेऊ नकोस. दसऱ्याच्या मुहूर्तावर सही कर. आपल्या घरातली पहिली सही आहे, ठळक अक्षरात कर. फ ची कान्याकडची गाठ मला शिकवलीस तशी गोल काढ. तुझी साळू.’

त्यात आणखी काही नव्हतं. कमी-जास्त सांगत नाही.

पहिल्या पत्रात मी तुम्हांला एक कार्ड कमी भरतं असं लिहिलं, पण कोणतं ते लिहिलं नाही. मला तेव्हाही ठाऊक होतं. ते हरवलं असावं अशी माझी इच्छा होती. तुम्ही माझ्यासाठी ते काढून ठेवलंत म्हणता, तर माझ्या मनातलं तुम्ही बरोबर ओळखलंत. तेवढ्यापुरते आपण दोघे एकाच जुवाला होतो.

त्या कार्डाला दादाचं उत्तर आलं होतं, १४ तारखेचं. तेही माझ्याकडे आहे. ‘तुझं कार्ड मिळालं. दसऱ्याला सही केली. चाचणीला मी आत बसणार. सही करून दुसऱ्याला आत बसवायचं हे मला जमणार नाही.’ मी ते आळीभर वाचून दाखवलं. आमचा दादा विमानात बसणार म्हणून. रंगुबाईनं तर माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

म्हणजे मसुद्यात लिहिलंय तसं त्यानं न पाहता सही केली हे खोटं आहे. त्यानं पाहिलं होतं. भोकं सैल आहेत हे त्याला कळलं होतं, त्यानं ते सांगितलं होतं, आणि तरी सही केली. हे सांगितल्यानं तो निर्दोष ठरणार नाही. मला समजतं. पण हयगय हा शब्द त्याचा नाही. ज्यानं माझ्या पाटीवरचा एक काना चुकलेला सोडला नाही, त्याच्या नावापुढे हयगय हा शब्द मी कपाटातसुद्धा राहू देणार नाही. दोष असेल तो जिथल्या तिथं लागावा. थोडा त्याला, थोडा मला, आणि ज्यांनी दोनाचं एक करून दोन मोजलं त्यांना उरलेला.

घरात वाचणारी मी एकटी, म्हणून परवा मीच वाचून दाखवलं. आधी फक्रुद्दीनभाईंचं पत्र, मग तुमचं, मग माझं कार्ड तोंडपाठ. आई उठून परसात गेली. ती अजून माझ्याशी बोललेली नाही, भाकरी मात्र वाढते. आबा बराच वेळ आपल्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे बघत होते. मग म्हणाले, “आमचा आंगठाच बरा हुता, बाई.”

आज सकाळी त्यांनी आसारामकाकांना चार दिवस औत सांभाळायला सांगितलं आणि मला म्हणाले, “मला तितं बोलता यायचं न्हाई. तू बोल. सावड काय आस्ती इचारलं तर मी सांगीन.”

पुण्याची जागा दुसऱ्या मुलीला द्यावी. मी शब्दांचे अर्थ सांगण्याच्या योग्यतेची नाही, निदान अजून नाही.

पुस्तिकेतून माझं वाक्य आणि दादाचं छायाचित्र दोन्ही काढावं. ‘दोनाचे आठ’ हे नाव तुम्हांला ठेवायचं तर ठेवा. नव्या तीन विमानांतली मालगाडीनं येणारी किती, हे मी समितीला विचारणार आहे. मंगळवारचं विमान आमच्या डोक्यावरून जातं, तेव्हा तेवढं विचारण्याचा मला हक्क आहे असं वाटतं.

हे पत्र तुमच्याच टेबलावर येईल, म्हणून तुम्हांलाच लिहिलं आहे. आत पाठवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी त्याच्यावर अवलंबून नाही. मूळ पत्रं आणि दोन्ही पट्ट्या माझ्याजवळ असतील. बुधवारी, २३ तारखेला, आबा आणि मी बेलापूर स्टेशनावर दौंडच्या गाडीत बसू. समितीपुढे मी उभी राहीन ती गुरुवार, २४ मार्च १९४९ रोजी, सकाळी अकरा वाजता.

साळूबाई भिमाजी गागरे